बुडीतात न आलेलं गवत

दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या शिवारात फिरताना एखाद्या बांधावर थांबावं. एका अंगाला ऊस असतो, सरीत ओल चमकत असते, पाय टाकला की चिखल चपलेला धरतो. दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी वाटणीत पडून राहिलेला मुरमाड तुकडा. त्याला पाट पोचलेला नाही, नांगर लागलेला नाही. उसाच्या कडेने हरळी, लव्हाळा आणि पांढऱ्या फुलांचं गाजरगवत माजलेलं असतं. मुरमाड तुकड्यावर मात्र कुसळी उभी असते, वाळून तांबूस झालेली, वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकणारी.

त्यातलं एक कुसळ खुडून तळहातावर घ्यावं. पुढे सुईसारखं अणकुचीदार, बारीक केसांचं बी. मागे बोटभर लांब काळपट शेपटी, दोरीसारखा पीळ भरलेली आणि मध्येच गुडघ्यासारखी वाकलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ उलगडायला लागतो आणि बी जागच्या जागी फिरू लागतं. शेपटी वाळली की पीळ पुन्हा भरतो. दहिवराने ओलं व्हायचं, उन्हाने वाळायचं, आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं मुरमात शिरायचं, असं हे बी स्वतःची पेरणी स्वतःच करतं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात टिकायचं तर अशीच युक्ती लागते. मेंढराच्या लोकरीत शिरलेलं कुसळ कातडीपर्यंत पोचतं, हे धनगराच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

दोन हात रुंदीच्या बांधाच्या दोन अंगांना असे दोन मुलूख आहेत. हा फरक पाण्याने केला. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड नदीवर 1965 साली धरण पूर्ण झालं. त्याचे कालवे एकीकडे शिरूरकडे आणि दुसरीकडे श्रीगोंद्याकडे गेले. पुढे भीमेवरच्या चासकमान धरणाचा डावा कालवा खेड ओलांडून शिरूर तालुक्यात आला. ऊस वाढला, आणि न्हावऱ्याला उभा राहिलेला सहकारी साखर कारखानाही ‘घोडगंगा’ हे नदीचंच नाव घेऊन आला. न्हावरे धरणाखाली बुडालं नाही. सरकारी कागदात हा ‘लाभक्षेत्रा’तला पट्टा. ह्या लाभाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या मुलांना पाटाच्या पाण्याचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तरीही एक प्रश्न त्या बांधावर उभं राहिल्यावर सुटत नाही. पाणी येण्याआधी इथे काय काय उगवत होतं, ते कुणी लिहून ठेवलं का? त्या लिहिण्याचा इतिहास शोधत गेलं की वाट पुण्याच्या एका कॉलेजातून निघते, शरावतीच्या धबधब्यापाशी जाते, पानशेतच्या खोऱ्यातून वळते आणि तिलारीच्या घाटात एका नाजूक गवतापाशी थांबते.

एक कॉलेज, दोन वह्या

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सुरुवातीची नीट यादी केली ती डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन आणि निकोल डाल्झेल यांनी. गिब्सन पेशाने शल्यवैद्य. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक, पुढे 1847 पासून इलाख्याचे वनसंरक्षक. रान तोडलं की झरे आटतात, हे ते त्या काळात सरकारला कळवत होते. दोघांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 साली निघालं.

त्यानंतरचं मोठं काम थिओडोर कुक यांचं. कुक मूळचे आयर्लंडचे, शिक्षणाने इंजिनियर, हिंदुस्थानात आले ते रेल्वेच्या कामावर. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, ते दीर्घकाळ प्राचार्य होते. 1890 साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा पश्चिम हिंदुस्थानचं काम ह्याच कॉलेजकडे आलं. तिथलेच वनस्पतीचे अध्यापक जी. एम. वुड्रो इलाखाभर हिंडून नमुने जमवत. निवृत्तीनंतर कुक लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसले आणि 1901 ते 1908 या काळात त्यांचं ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ भागाभागाने छापून झालं. प्रत्येक वनस्पतीचं वर्णन, ती कुठे सापडली, कुणी आणली, आणि मिळालं तिथे मराठी नाव.

आता त्याच कॉलेजातली दुसरी वही पाहू. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 साली इथूनच इंजिनियर होऊन बाहेर पडले, कुक प्राचार्य असताना. त्याआधी चारच वर्षं खडकवासल्याचं धरण उभं राहिलं होतं. पुढे 1903 साली विश्वेश्वरय्यांनी त्याच धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. मुठेचा उजवा कालवा पुण्याहून पूर्वेला, दौंडच्या अंगाला गेला. पूर्व पुणे जिल्ह्याच्या जिरायतीत कालव्याचं पाणी पहिल्यांदा खेळलं ते त्या काळात.

एका इमारतीत वनस्पतींची वही भरत होती आणि पाण्याचीही. दोन्ही वह्या अतिशय काटेकोर होत्या. पण कालव्याचा मार्ग आखताना त्या मार्गावर काय उगवतं ते वनस्पतींच्या वहीत पाहून घ्यावं, असा रिवाज पडला नाही. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता. माळावरचं गवत कधी संपू शकेल, हीच कल्पना त्या काळात कुणाला शिवली नव्हती.

गवतवेडी माणसं

गवत ओळखणं हे वनस्पतिशास्त्रातलं अवघड काम. फूल एवढंसं, रंग नाही, पाकळ्या नाहीत. भिंगाखाली तुसं मोजत बसावं लागतं. तरी पुण्या-मुंबईत अशी माणसं निपजली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या आर. के. भिडे यांनी गवतांचा इतका बारकाईने अभ्यास केला की एका अख्ख्या प्रजातीला ‘भिडिया’ असं नाव मिळालं. वुड्रोंच्या नावानेही एक गवत ‘वुड्रोविया’ झालं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. ब्लॅटर 1934 साली पुण्यात वारले, ग्रंथ पुढच्या वर्षी आला.

ह्याच परंपरेतली एक घटना 1919 सालची. धारवाडकडे सनदी नोकरीत असलेले एल. जे. सेजविक आणि कारवारच्या वनखात्यातले टी. आर. डी. बेल हे दोघे शरावतीवरच्या गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी गेले. तेव्हा उत्तर कानडा मुंबई इलाख्यातच होता. धबधब्याचे तुषार जिथे चोवीस तास उडत, त्या ओल्या सावलीतल्या खडकावर त्यांना एक अगदी नाजूक गवत दिसलं. त्यांनी ते उपटलं, कागदात दाबून वाळवलं, खाली चिठ्ठी लावली: जागा, साल, गोळा करणाऱ्यांची नावं. एवढंच. त्या दिवशी ह्या गवताला शास्त्रीय नावही नव्हतं.

ते नाव मिळायला बत्तीस वर्षं लागली. नॉर्मन बोर हे हिंदुस्थानच्या वनसेवेत आयुष्य घालवलेले गवतांचे जाणकार. क्यू उद्यानात गेल्यावर त्यांनी तो वाळका नमुना पाहिला आणि 1951 साली नवी प्रजाती म्हणून जगासमोर मांडला. क्यूचे गवततज्ज्ञ सी. ई. हबर्ड यांच्यावरून ‘हबर्डिया’, आणि सात शिरांवरून ‘हेप्टान्युरॉन’. नाव जाहीर होईपर्यंत शरावतीवर पहिलं धरण झालं होतं. 1964 साली वरच्या अंगाला लिंगनमक्कीचं प्रचंड धरण उभं राहिलं. धबधबा धरणाच्या मर्जीने पडू लागला, बारमाही तुषार राहिले नाहीत. पुढे अभ्यासकांनी गिरसप्प्याचे खडक पुन्हा पुन्हा शोधले, हबर्डिया दिसलं नाही. नामशेष वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव गेलं.

इथे थोडं थांबायला हवं. हे गवत गेलं असं आपण म्हणू शकलो, ते त्या एका चिठ्ठीमुळे. 1919 साली ती लागली नसती तर जाणाऱ्याची खबरसुद्धा मागे राहिली नसती.

धरणांची दशकं

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं महाराष्ट्राने धरणांना दिली. पानशेत 1961 साली जुलैच्या 12 तारखेला फुटलं आणि पुण्याच्या स्मरणात कायमचं गेलं. कोयना उभी राहिली. घोड धरण झालं. आज देशातली सर्वात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत.

धरण बांधायचं म्हणजे आधी मोजणी. मोजणीदार साखळी घेऊन येतो, खुंट्या ठोकतो, पाण्याची रेघ कुठवर येणार ते दाखवतो. 1921 साली मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या आणि मावळ्यांच्या सत्याग्रहाने ह्याच मोजणीच्या अर्थाला आव्हान दिलं होतं. 1894 च्या भूसंपादन कायद्याने जमिनीबरोबर तिच्यावरच्या उभ्या पिकाची आणि झाडांचीही किंमत धरायची होती. त्यामुळे पंचनाम्यात आंबा येई, चिंच येई, साग येई, विहीर येई, घराचे वासे येत. ज्याची किंमत करता येते त्याची नोंद. कुसळीची किंमत काय करणार? तिची पेंढी बाजारात जाई, तीही कुणाच्या खात्याला न लागता. त्यात माळ म्हणजे सरकारी भाषेत ‘पडीक’. जिथे गाई चरतात, लांडगा पिलं घालतो, टिटवी अंडी देते, त्या जमिनीला पडीक म्हटलं की तिच्यावर काय होतं हे विचारायचं कारणच उरत नाही.

आणि मोजणी होई ती बुडणाऱ्या जमिनीची. ज्या जमिनीला पाणी मिळणार तिथे एकरी किती ऊस, किती गहू एवढाच हिशेब. हा हिशेब उत्तम करणारा माणूस पुण्यात होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून 1948 साली अहवाल प्रसिद्ध केला. पाणी आल्यावर पिकं कशी बदलतात, मजुरी किती वाढते, वाहतूक आणि व्यापार किती वाढतो, हे गावोगाव हिंडून मोजलेलं. सहकारी साखर कारखानदारीच्या पायाभरणीतही त्यांचा हात होता. न्हावऱ्याचा कारखाना त्याच वंशातला म्हणायचा.

ह्याच काळात गवताचीही एक मोठी मोजणी चालू होती. 1954 ते 1962 या वर्षांत भारतीय कृषी संशोधन परिषदेने देशभरच्या गवताळ मुलखांची पाहणी केली. पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी तिच्यावरून 1973 साली ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ लिहिलं. देशाच्या गवतांचे त्यांनी पाच पट्टे पाडले. आपला दख्खन आला शेडा आणि मारवेल यांच्या पट्ट्यात. शेडा मुरमाड चढावर, मारवेल खोल काळ्या जमिनीवर. घोडचं धरण उभं राहत होतं त्याच दशकात ही माणसं देशभरचे माळ तुडवत होती. दोन्ही कामं सरकारचीच. पण एकाचा अहवाल दुसऱ्याच्या टेबलावर गेला नाही.

मारवेल खोल जमिनीचं गवत, म्हणून ते आधी गेलं. पाट आला की पहिल्यांदा नांगर लागतो तो चांगल्या काळ्या जमिनीला. मग लेव्हलिंग करून मुरमाडालाही. कुसळी आणि तिच्यासोबतची तरवड, हेकळ, नेपती, हिवर ही मंडळी बांधावर, स्मशानाच्या कडेला, देवाच्या माळावर मागे सरली. त्यांच्या जागी आलं कोण? पुण्यात 1951 साली प्राध्यापक परांजपे यांना उकिरड्यावर एक अनोळखी रोप दिसलं. 1955 साली वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात पुन्हा सुरू झालं, आणि तिथल्या आर. एस. राव यांनी पुढच्याच वर्षी ह्या रोपाची भारतासाठी नवी म्हणून नोंद केली. तेच गाजरगवत. नांगरलेली, ओली, मोकळी पडलेली जमीन त्याला मानवते. रस्त्याकडेने आणि कालव्याच्या भरावावरून ते महाराष्ट्रभर पसरलं. एका उकिरड्यावरचं परकं रोप आलं त्याचं साल आपल्याला ठाऊक आहे. न्हावऱ्याच्या काळ्या रानातून मारवेल गेला त्याचं साल कुठल्या कागदावर शोधायचं?

घोडेच्या पलीकडचा श्रीगोंदा तालुका हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतो. घोडेचा डावा कालवा तिथे गेला आणि बागायत झाली. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, त्यात सोलापूरबरोबर नगर जिल्ह्याचा श्रीगोंदा-कर्जतकडचा भागही घेतला. माळढोक उघड्या गवतात राहणारा, जमिनीवर एकच अंडं घालणारा पक्षी. त्याच्यासाठी हद्द आखायची वेळ आली तेव्हा कुठे माळावर काहीतरी जगतं आहे हे कागदावर आलं. गवत त्या कागदातही पक्ष्याचं घर म्हणून आलं, स्वतःच्या नावाने नाही.

पानशेतच्या देवराया

धनंजयराव गाडगीळांचे चिरंजीव माधव लहानपणी वडिलांबरोबर कोयनेच्या प्रकल्पावर गेले होते. वीज हवीच, पण त्यासाठी एवढं रान आणि एवढी माणसं उजाड व्हायलाच हवीत का, हा वडिलांना पडलेला प्रश्न त्यांनी मनात जपला. 1971 साली हार्वर्डहून परतल्यावर ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले. प्राध्यापक शं. पु. आघारकर यांनी 1946 साली उभारलेली ही संस्था. तिथे वा. द. वर्तक हे कसलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते, गोव्याच्या वनस्पतींची सूची करून हात बसलेले. ह्या जोडीने सह्याद्रीतल्या देवराया मोजायला घेतल्या.

पानशेतच्या खोऱ्याची कथा त्यांना तिथेच कळली. धरणासाठी रस्ते झाले. त्याच रस्त्यांनी कोळशाचे ठेकेदार आत पोचले. बुडीतातून उठणाऱ्या माणसांना हातात चार पैसे हवे होते, त्यांनी बांधावरची झाडंही विकून टाकली. पाण्याच्या रेघेच्या खाली धरणाने घेतलं, वर कोळशाने घेतलं. मध्ये उरले ते देवाचे राखलेले तुकडे. त्यांत गारंबीसारखी महावेल होती, आजूबाजूला कुठे न उरलेली झाडं होती. 1973 साली विज्ञान परिषदेत आणि 1976 साली परदेशी नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. एखाद्या खोऱ्यात पूर्वी काय होतं याचा शिल्लक पुरावा म्हणून देवराईकडे पाहायचं, ही दृष्टी तेव्हापासून रुजली.

खोऱ्यातल्या माणसांचं काय झालं, तेही ह्याच हिशेबात धरायला हवं. पानशेत-वरसगावकडच्या काही धरणग्रस्तांना दौंडच्या बाजूला जमिनी मिळाल्या. चार महिने पावसात भिजणारी माणसं पाऊस हुलकावणी देतो अशा मुलखात आली. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, हिरडा कधी वेचायचा, गेळाचं फळ कशाला लागतं, हे सगळं त्यांच्या तोंडी होतं. इथे त्यातलं काहीच उगवत नव्हतं. आणि इथे जे उगवत होतं, त्या नेपतीचं आणि तरवडाचं ज्ञान त्यांना वारशात मिळालेलं नव्हतं. वनस्पती जागेवर राहिली तरी तिचं नाव घेणारा माणूस हलला की तिची अर्धी नोंद पुसली जाते. वर्तकांना हे ठाऊक होतं. म्हणून ते झाडाबरोबर गावकऱ्यांच्या तोंडची माहितीही टिपत.

शोधणाऱ्याला काय सापडतं

त्याच 1976 साली अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात एक घटना घडली. सेंट जॉन नदीवर डिकी-लिंकन नावाचं धरण प्रस्तावित होतं. नव्या कायद्याप्रमाणे बुडणाऱ्या खोऱ्यातल्या वनस्पती आधी तपासायच्या होत्या. हे काम करताना चार्ल्स रिचर्ड्स या वनस्पतिशास्त्रज्ञांना नदीच्या काठावर पिवळ्या फुलांचं एक रोप दिसलं. केट फर्बिश या चित्रकार बाईंनी ते 1880 साली पहिल्यांदा शोधलं होतं आणि ते नष्ट झालं असं सगळे धरून बसले होते. धरणाला विरोध अनेक कारणांनी होता, पण फर्बिशबाईंच्या फुलाने वाद देशभर नेला. 1986 साली प्रकल्प रद्द झाला.

आपल्याकडेही वारं बदलत होतं. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा प्रकल्प मागे घेतला गेला आणि 1984 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. 1980 चा वनसंवर्धन कायदा, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि 27 जानेवारी 1994 ची पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना. आता प्रकल्पाआधी वनस्पती मोजणं बंधनकारक झालं. पण त्या अधिसूचनेत जलद मूल्यांकनासाठी एका हंगामाची माहिती पुरेशी ठरली, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. दख्खनचा माळ ज्याने पाहिला आहे त्याला ह्यातली चूक लगेच कळेल. आपल्या माळावरच्या कितीतरी वनस्पती जूनमध्ये उगवतात आणि ऑक्टोबरपर्यंत बी टाकून मोकळ्या होतात. मार्चमध्ये पाहणीला गेलेल्या माणसाला तिथे दगड आणि धूळ दिसते, आणि तो प्रामाणिकपणे तसंच लिहून येतो. फादर सांतापाव यांनी 1953 साली खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो एकाच डोंगराला वर्षानुवर्षं, ऋतूमागून ऋतू भेटी देऊन. ते वळण कायद्याला जमलं नाही.

राज्याचा स्वतःचा वनस्पतिकोश यायला तर 1996 साल उजाडलं. वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या त्या पहिल्या खंडात गवतं होती. द्विदल वनस्पतींचे दोन खंड 2000 आणि 2001 साली आले. कुकचा ग्रंथ 1908 सालचा. मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत राज्यातली बहुतेक मोठी धरणं बांधून झाली होती.

आणि मग ती बातमी आली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्राध्यापक श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी तिलारीच्या घाटात हिंडत होते. ओल थिबकणाऱ्या सावलीतल्या कड्यावर त्यांना एक नाजूक गवत दिसलं. वाळक्या नमुन्याशी, बोरच्या वर्णनाशी ताडून पाहिलं. ते हबर्डिया होतं. 1919 नंतर पहिल्यांदाच जिवंत, आणि गिरसप्प्यापासून कितीतरी दूर, महाराष्ट्रात. ह्या गटाने नुसती बातमी देऊन काम थांबवलं नाही. बी गोळा करून तशाच ओल्या कड्यांवर दुसरीकडे रुजवून पाहिलं. पुढे हबर्डियाची आणखी एक जातीही सह्याद्रीतून नोंदली गेली. तिलारीच्या खोऱ्यातही धरणं आणि वीजघर आहे. म्हणजे हे गवत जिथे हरवलं तिथे धरण आणि जिथे सापडलं तिथेही धरण. ते सापडलं, कारण कुणीतरी त्या कड्यापाशी योग्य ऋतूत गेलं आणि 1919 च्या चिठ्ठीत काय लिहिलं आहे हे त्याला माहीत होतं.

न्हावऱ्याची चिठ्ठी

न्हावऱ्याच्या माळावर हबर्डियासारखं दुर्मीळ काही दडलेलं असेल, असा माझा दावा नाही. कुसळी काही नामशेष होत नाही. ती जगातल्या कितीतरी उष्ण देशांत उगवते. माझं म्हणणं एवढंच आहे की धरणाची वनस्पतींवरची खूण शोधायची ती बुडालेल्या खोऱ्यात आणि भिजलेल्या शिवारात, दोन्हीकडे. पाण्याखाली गेलेलं रान निदान लोकांच्या आठवणीत बुडालेलं म्हणून राहतं. लाभक्षेत्रातलं रान कुणी गेलं असं म्हणतच नाही, कारण त्याच्या जागी हिरवंगार काहीतरी उभं असतं. ते गेल्याचं दुःख करायलाही त्याचं नाव ठाऊक असावं लागतं.

आणि ही मोजणी अजून करता येते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ह्या कल्पनेमागे माधव गाडगीळांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. ही वही भरायला इंजिनियर लागत नाही, परवानगी लागत नाही. लागतो एक पावसाळा आणि पायी चालायची तयारी. मृगाच्या सरींनंतर, श्रावणात आणि दिवाळीला, अशा तीन फेऱ्या. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट दोरीने आखायची आणि तिच्यात उभं असलेलं प्रत्येक पातं ओळखायचं. चौकट टाकायची ती बांधावर, स्मशानाच्या कडेला, देवळामागे, गायरानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यात. आणि बरोबर न्यायचं ते गावातल्या मेंढरं राखलेल्या म्हाताऱ्या माणसाला. कुठलं गवत मेंढी आधी धरते, कुठलं वाळल्यावर तोंडही लावत नाही, कुठल्या साली कुठला माळ फुटला, हे त्याच्याइतकं कुठल्याच ग्रंथात नाही. त्याच्याबरोबर ते जाणार आहे, हे मात्र नक्की.

शाळेतली पोरं हे काम आनंदाने करतील. जुन्या वर्तमानपत्रात गवत दाबायचं, रोज कागद बदलायचा, आठ दिवसांत नमुना कडक वाळतो. मग तो जाड कागदावर शिवायचा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. सेजविक आणि बेल यांनी लावली होती तशीच, पण आपल्या अक्षरात. नाव: कुसळी. जागा: न्हावरे, तालुका शिरूर, उसाच्या बांधापलीकडचा मुरमाड माळ. महिना: कार्तिक. सोबतीची झाडं: तरवड, हेकळ, हिवर. गोळा केलं: इयत्ता आठवी.